परतीची वायर

मोटारीत विजेला जायला वायर लागते आणि यायला पत्रा. बॅटरीच्या धन टोकातून निघालेला करंट फ्यूज, स्विच अशी नाकी ओलांडत स्वतंत्र वायरीने दिव्यापर्यंत जातो. दिवा पेटवून झाला की चासी, इंजिन, दारे, बॉनेट यांतून मिळेल त्या वाटेने तो बॅटरीच्या ऋण टोकाकडे परततो. या व्यवस्थेला गॅरेजात ‘बॉडी अर्थ’ म्हणतात. तिच्यामुळे निम्मी वायर वाचते. कारखानदारांना ही बचत इतकी आवडली की पिढ्यान्‌पिढ्या त्यांनी ती मोडलेली नाही. घरच्या घरी गाडी बांधणाऱ्यालाही ती आवडते, पण कारण वेगळे आहे. जाण्याची वायर टाकली की काम संपले, परतीचे परती बघून घेईल, असा त्याचा समज होतो. मांडव्यापासून हरिहरेश्वरापर्यंतच्या रायगडच्या किनाऱ्यावर हा समज साधारण पहिल्या पावसाळ्यापर्यंत टिकतो.

या अर्थचा जमिनीशी काही संबंध नाही. गाडी रबरी टायरांवर उभी असते आणि तिचा करंट तिच्यातल्या तिच्यात फिरतो. घराच्या अर्थिंगची गोष्ट निराळी. त्यासाठी परसात खड्डा खणून त्यात पाइप किंवा पट्टी पुरतात आणि भोवती कोळसा व मीठ भरतात, कारण ओले मीठ वीज वाहून नेते. गाडीच्या अर्थमध्ये मीठ मुद्दाम कुणी भरत नाही. ते काम समुद्र विनामूल्य करतो, आणि परिणाम नेमका उलटा होतो.

परतीच्या करंटाशी अलिबागचा संबंध या घरगुती गाड्यांच्या कितीतरी आधीचा आहे. मुंबईत घोड्यांच्या ट्रामच्या जागी विजेच्या ट्राम आणायच्या ठरल्या, तेव्हा कुलाब्याच्या वेधशाळेपुढे पेच उभा राहिला. ट्रामला वरच्या तारेतून करंट मिळतो आणि तो रुळांतून परततो. पण सगळा रुळांतून परतेल असे नसते. थोडा जमिनीत शिरतो, मर्जीप्रमाणे भटकतो, आणि पृथ्वीच्या चुंबकत्वाची नाजूक मोजमापे त्याच्या प्रभावाने बिघडतात. वेधशाळेचे संचालक नानाभाई अर्देशिर फ्रामजी मूस यांच्या काळात यावर तोडगा निघाला तो समुद्रापलीकडे जाण्याचा. १९०४ मध्ये अलिबागला नवी चुंबकीय वेधशाळा सुरू झाली. तिच्या बांधकामात लोखंड टाळून पोरबंदरी दगड वापरला गेला. दोन वर्षे कुलाबा आणि अलिबाग दोन्हीकडे मोजमापे घेऊन ताळा जमवला, आणि १९०७ च्या मे महिन्यात मुंबईत विजेची ट्राम धावली तेव्हा चुंबके खाडीच्या या बाजूला सुखरूप होती. भटक्या करंटाला कंटाळून एक अख्खी सरकारी संस्था अलिबागला राहायला आली, असे म्हटले तरी चालेल. घरी बांधलेल्या गाडीला मात्र हा उपाय उपयोगाचा नाही. तिथे भटका करंट आणि त्याला कंटाळलेला माणूस एकाच गाडीत बसलेले असतात.

महाराष्ट्रात घरी मोटार बांधणे ही काही नवलाई नव्हे. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींनी १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून पुढे अनेक वर्षे ‘मीरा’ ही छोटी मोटार घडवत आणि सुधारत नेली. ती रस्त्यावर धावली, बाजारात मात्र आली नाही. यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव असलेल्या देवराष्ट्रे इथल्या दत्तात्रय लोहार यांनी सुमारे ६० हजार रुपयांत भंगारातले आणि दुचाकीचे भाग जोडून चारचाकी उभी केली. डिसेंबर २०२१ मध्ये ती आनंद महिंद्रांच्या नजरेस पडली. ही गाडी नियमांत बसणारी नाही, हे त्यांनी कौतुकाच्या सुरातच सांगून टाकले आणि बदल्यात बोलेरो देऊ केली. पुढच्याच महिन्यात बोलेरो दारात आली. लोहारांची गाडी दुचाकीसारखी किक मारून सुरू होते, याची सगळ्यांना गंमत वाटली. विजेच्या दृष्टीने पाहिले तर ती किक म्हणजे या गाडीतला सर्वांत शहाणा भाग होय. त्याचे कारण स्टार्टरच्या ओघात येईल.

किनाऱ्यावरच्या गाडीचा एक नमुना विचारार्थ घेता येतो. इंजिन मारुती ८०० चे, ७९६ सीसी, तीन सिलिंडर. ते कुर्ल्याच्या भंगार बाजारातून येते. चासी चौकोनी पाइपांची, आणि ती जोडतो खिडक्यांचे ग्रिल आणि बंगल्यांची गेटे करणारा फॅब्रिकेटर. त्यामुळे तिच्यात मजबुती भरपूर असते आणि कुठेतरी एखादी वेलबुट्टी राहून जाते. वायरिंग निम्मे मूळ मारुतीचे, निम्मे बाजारातल्या एकाच रंगाच्या वायरीचे. एकाच रंगाचे बंडल स्वस्त पडते, आणि कुठली वायर कुठली हे आपल्याला आठवेलच, अशी बांधणाऱ्याची त्या दिवशी खात्री असते. बॉडी मात्र फायबरची, कारण पत्रा ठोकणारे हात आता मिळत नाहीत आणि फायबरच्या होड्या करणारे हात मिळतात.

गोंधळ इथून सुरू होतो. फायबरग्लासमधून वीज जात नाही. कारखान्यांना हे ठाऊक असते. बंगळूरची सिपानी डॉल्फिन किंवा गोव्यात तयार झालेली सॅन स्टॉर्म या फायबर बॉडीच्या गाड्यांत दिव्यांना परतीची वायर द्यावीच लागते, कारण पत्र्याची आयती वाट तिथे नसतेच. घरचा कारागीर मूळ मारुतीचा नकाशा समोर ठेवून काम करतो, आणि त्या नकाशात दिव्यापाशी येणारी वायर स्पष्ट दाखवलेली असते. परतीच्या जागी तीन आडव्या रेघांचे एक छोटे चिन्ह असते. ते चिन्ह बघून तो होल्डर फायबरमध्ये बसवतो, वायर जोडतो, स्विच दाबतो आणि अंधारात उभा राहतो. मग ऑटो इलेक्ट्रिशियन येतो, टेस्ट लॅम्प लावतो आणि निदान करतो, ‘करंट येतोय. बॉडीला अर्थ मिळत नाहीये.’ निदान बरोबर असते. उपचार म्हणून तो होल्डरपासून एक वीतभर वायर काढून जवळच्या पहिल्या लोखंडी वस्तूला पिळून टाकतो. ती वस्तू डिकीची बिजागरी असते, नंबरप्लेटचा स्क्रू असतो किंवा सायलेन्सरची पट्टी असते. तिचा चासीशी संबंध आहे की नाही, याची चौकशी होत नाही. दिवा त्या संध्याकाळी पेटतो, आणि त्या संध्याकाळचे पैसे दिले जातात.

या बाबतीत योग्य सल्लागार गॅरेजात नसून जेटीवर असतो. फायबरच्या होडीत इंजिन आणि दिवे बसवणारा माणूस प्रत्येक दिव्याला दोन वायरी टाकतो, एक जायची आणि एक यायची. पत्र्याची सवय त्याला कधी लागलेलीच नसते. होडीच्या अंगावर विश्वास ठेवावा असे त्याला कुणी शिकवलेले नाही, आणि खारे पाणी कुठवर शिरते हे तो रोज बघतो. म्हणून तो शक्य तिथे कल्हईची तांब्याची तार वापरतो, जोडावर नुसता पिळा देऊन टेप गुंडाळत नाही, थिंबल दाबून वर स्लीव्ह चढवतो. हाच माणूस घरी येऊन आपल्या मोटारसायकलचा इंडिकेटर टेप गुंडाळून दुरुस्त करतो. समुद्रावरची अक्कल रस्त्यावर आणायची नसते, असा काही नियम किनाऱ्यावर असावा.

चासी लोखंडी असली तरी ती वीज नेईलच असे नाही. घरी गाडी बांधणारा माणूस चासीवर जीव लावतो. तिला रेड ऑक्साइडचे दोन हात, वर काळ्या रंगाचे दोन हात, ऐपत असेल तर पावडर कोटिंग. मग त्या सुरेख रंगावर बॅटरीच्या अर्थचा बोल्ट कसून आवळतो. रंग विजेला अडवतो. त्यामुळे जितका रंग दाट, तितके दिवे मंद, असे व्यस्त प्रमाण पडते. बोल्टाच्या जागी पॉलिशपेपरने रंग खरवडून लखलखीत लोखंड दिसू द्यायचे, दातेरी वायसर घालून थिंबल आवळायचे आणि सगळे झाल्यावर वरून ग्रीस किंवा व्हॅसलीन फासून हवा बंद करायची, ही पद्धत साधी आहे. ती पाळली जात नाही, याचे कारण भावनिक आहे. चार दिवस खपून लावलेला रंग स्वतःच्या हाताने खरवडण्याइतके मन घट्ट करणे सगळ्यांना जमत नाही.

खाऱ्या हवेचे काम सावकाश पण पद्धतशीर असते. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मिठाला पाणी सुटते. किनाऱ्यावर पावसाळाभर आर्द्रता त्याच्या वरच असते, आणि इतर महिन्यांतही पहाटे ती तिथे जाऊन येते. म्हणजे थिंबलावर बसलेला क्षाराचा पातळ थर पाऊस नसतानाही ओला राहतो. तांब्याचे थिंबल, लोखंडी चासी आणि मधे खारे पाणी मिळाले की तिथे एक लहानशी बॅटरी तयार होते, आणि तिच्यात झिजण्याचा मान लोखंडाला मिळतो. थिंबल हिरवे पडते, चासी तांबूस होते आणि दोघांच्या मधे वीज न नेणारी पूड साठते. नागाव-वरसोलीच्या वाळूत गाडी फिरवून आणली की हे काम झपाट्याने होते. त्यावर उपाय म्हणून काही जण जोडांवर सिलिकॉन भरतात. न्हाणीघराच्या फरशीसाठी मिळणारे, व्हिनेगरसारखा वास मारणारे सिलिकॉन तांब्यावर घातले तर त्यातून सुटणारे आम्ल तांबे खाते. समुद्राला जे करायला दोन वर्षे लागली असती, ते मग आतल्या आत लवकर उरकते.

या पुडीची किंमत आकड्यांत मांडता येते. इंडिकेटरचा नेहमीचा बल्ब २१ वॉटचा असतो. १२ व्होल्टवर तापलेल्या अवस्थेत त्याचा रोध सुमारे ७ ओहम भरतो. परतीच्या वाटेत गंजाचा फक्त १ ओहम वाढला, तर बल्बाला १२ ऐवजी साडेदहा व्होल्ट मिळतात. व्होल्टेजमधली घट किरकोळ दिसते, पण तारेच्या बल्बाचा उजेड व्होल्टेजपेक्षा फार वेगाने पडतो, आणि साडेदहा व्होल्टवर तो सुमारे एक तृतीयांशाने घटतो. बल्ब पेटलेला असतो, म्हणून मालक समाधानी असतो. मागून येणाऱ्या एसटीच्या चालकाला दुपारच्या उन्हात तो दिसत नाही, म्हणून तोही आपल्या जागी समाधानी असतो.

अर्थ पूर्ण तुटला, तर मात्र खरी करमणूक सुरू होते. मागच्या दिव्याच्या जुडग्यात इंडिकेटर, ब्रेक आणि पार्किंगचे दिवे एकाच धातूच्या तबकडीवर बसलेले असतात आणि परतीची वायर तिघांत एकच असते. मुंबईहून बोटीने मांडव्याला उतरलेल्या पाहुण्याची पावसाळ्यात बोटी बंद झाल्यावर जी गत होते, तीच या करंटाची होते. परत तर जायचेच असते, मग तो वडखळ, पेण, पनवेल असा वळसा घालून, वाटेत दिसेल त्या वाहनाला हात करीत घर गाठतो. इंडिकेटरच्या तारेतून तबकडीवर उतरलेला करंट सरळ वाट बंद दिसताच शेजारच्या पार्किंगच्या ५ वॉटच्या तारेत उलट्या बाजूने शिरतो, तिथून पार्किंगच्या वायरीवर चढतो आणि दुसऱ्या कोपऱ्यातल्या पार्किंगच्या दिव्यांमधून, नंबरप्लेटच्या बल्बामधून बाहेर पडतो. बारीक तारेचा रोध जास्त, म्हणून पेटते ती बारीक तार. इंडिकेटरची जाड तार काळीच राहते. परिणामी चालक डावा इंडिकेटर देतो तेव्हा पिवळा दिवा गप्प बसतो आणि तांबडा लुकलुकतो. त्याबरोबर नंबरप्लेटही ठेका धरते. मग पार्किंगचे दिवे लावले की बारीक तारेच्या दोन्ही टोकांना सारखेच व्होल्टेज येते, आणि ज्या क्षणी इंडिकेटर पेटायला हवा नेमक्या त्याच क्षणी सगळा कोपरा विझतो. ब्रेक दाबला की नव्या वाटा उघडतात. पेट्रोलच्या काट्याचा अर्थ याच बोल्टावर असेल तर काटाही इंडिकेटरच्या तालावर डोलू लागतो, आणि डावीकडे वळताना टाकीत एकदा पाच लिटर असते, एकदा नसते.

असे झाले की घरचा कारागीर स्विच बदलतो. स्विच बदलून फरक पडत नाही, तेव्हा फ्लॅशर बदलतो. मग बल्ब, मग फ्यूज, मग बॅटरी. एक बोल्ट आणि एक पॉलिशपेपर एवढेच काय ते त्याच्या यादीत नसते, कारण ते दुकानात मागण्यासारखे नाहीत.

फ्लॅशर हे उपकरण स्वभावाने सरळ आहे. जुन्या पद्धतीच्या फ्लॅशरमध्ये दोन धातूंची जोडपट्टी असते. बल्बांकडे जाणाऱ्या करंटाने ती तापते, वाकते आणि संपर्क तोडते. थंड झाली की पुन्हा जोडते. टिक-टिक असा आवाज येतो तो तिथून. नव्या गाड्यांत ही पट्टी गेली, पण लोकांना आवाजाची सवय होती. म्हणून अनेक गाड्यांत आता तो स्पीकरमधून वाजवून दाखवतात. पट्टीचा वेग करंटावर अवलंबून असतो. पुढचा आणि मागचा असे दोन २१ वॉटचे बल्ब मिळून साडेतीन अँपिअर घेतात, आणि तेवढ्यावर तिची लय बांधलेली असते. अर्थ खराब होऊन करंट कमी झाला की पट्टी पुरेशी तापत नाही, लय मंदावते किंवा दिवा एकदा पेटून तसाच राहतो. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर उलटे करतो. एक बल्ब गेला की तो मुद्दाम दुप्पट वेगाने फडफडतो, म्हणजे चालकाने उतरून बघावे. किनाऱ्यावर तो वेग पाहून चालक खूश होतो. इंडिकेटर जोरात चालतो आहे, असा त्याचा अर्थ लावला जातो. तीन पिनांच्या इलेक्ट्रॉनिक फ्लॅशरला स्वतःचाही अर्थ लागतो. दोन पिनांचा काढून त्या जागी हा बसवताना तिसरी पिन बहुतेक वेळा ‘जास्तीची’ म्हणून मोकळी सोडली जाते.

एलईडी आल्यापासून एका जुन्या लबाडीचेही पितळ उघडे पडले आहे. डॅशबोर्डवर बाणाचा हिरवा दिवा एकच असेल, तर तो डावीकडच्या आणि उजवीकडच्या वायरींच्या मधे जोडलेला असतो. त्याला स्वतःची परतीची वायर नसते. डावा इंडिकेटर चालू असताना त्याचा करंट उजवीकडच्या थंड बल्बांमधून निमूट परततो. तो इतका थोडा असतो की २१ वॉटच्या बल्बाला त्याचा पत्ताही लागत नाही. चोरवाटेने परतण्याची ही सोय खुद्द कारखान्याने करून ठेवलेली होती, आणि कित्येक वर्षे ती कुणाच्या लक्षात आली नाही. हौशी माणूस बल्ब काढून एलईडी बसवतो आणि त्या थोड्याशा करंटावरही एलईडी पेटतात. डावीकडचे बटण दाबले की चारही कोपरे लुकलुकतात. हे वाहन दोन्हीकडे वळणार, असा संदेश मागच्याला मिळतो. हिरव्या दिव्याला दोन्ही बाजूंनी एकेक डायोड आणि स्वतंत्र अर्थ दिला की प्रश्न मिटतो. बहुतेक जण तेवढा खटाटोप न करता ही गाडीची खास सोय असल्याचे सांगतात.

दोष शोधण्यासाठी मल्टीमीटर लागतो, पण तो ओहमवर लावून बसणे व्यर्थ असते. वायरीतल्या वीस बारीक तारांपैकी एकोणीस गंजून तुटल्या आणि एकच शिल्लक राहिली, तरी मीटर जवळजवळ शून्य ओहम दाखवतो. मीटरच्या नखभर करंटाला एक तार पुरते, साडेतीन अँपिअरला पुरत नाही. खरी पद्धत अशी : इंडिकेटर चालू ठेवायचा, मीटर व्होल्टवर लावायचा, त्याचे एक टोक बॅटरीच्या ऋण टोकावर आणि दुसरे थेट दिव्याच्या तबकडीवर टेकवायचे. दिवा पेटताना पाव व्होल्टाच्या आत आकडा आला तर अर्थ ठीक आहे. एक-दोन व्होल्ट आले तर तेवढे व्होल्ट पुडीने खाल्ले. मीटर नसेल तर बॅटरीच्या ऋण टोकापासून एक लांब वायर आणून तबकडीला टेकवावी. दिवा झळाळला तर रोग कळला. या दुसऱ्या पद्धतीचा धोका एवढाच आहे, की दिवा झळाळलेला पाहून पुष्कळदा ती लांब वायर तशीच कायमची ठेवली जाते. तसे पाहिले तर होडीवाल्याने पहिल्या दिवशी हेच सांगितले होते.

इंडिकेटरचा अर्थ बिघडला तर गंमत होते. इंजिनाचा बिघडला तर खर्च होतो. इंजिन रबरी माउंटिंगवर बसते, त्यामुळे ते आणि चासी यांच्यात विजेची वाट मुद्दाम करावी लागते. त्यासाठी तांब्याच्या विणलेल्या तारेची जाड पट्टी असते. घरी इंजिन बसवताना ही पट्टी हमखास विसरते, कारण ती इंजिनाबरोबर न येता भंगारवाल्याकडे राहिलेली असते. स्टार्टर १०० अँपिअर किंवा त्याहून जास्त मागतो. एवढ्या करंटावर परतीच्या वाटेतला ०.०५ ओहमचा रोधही पाच व्होल्ट गिळतो, आणि स्टार्टर ‘कट्’ एवढाच शब्द उच्चारून थांबतो. पट्टी मुळीच नसेल तर करंट इंजिन आणि चासी यांना जोडणारी जी काही धातूची वस्तू सापडेल ती धरतो. ती म्हणजे ॲक्सिलरेटरची केबल, क्लचची केबल, चोकची केबल. चावी फिरवली की केबल तापते, तिच्या प्लास्टिकच्या आवरणाला वास सुटतो आणि थोड्या वेळाने ती आतल्या आत चिकटून बसते. मग क्लच जड झाला म्हणून गाडी मेकॅनिककडे जाते. तो नवी केबल घालतो, आणि नवी केबलही तशीच जळते. किक मारून सुरू होणाऱ्या गाडीत हा अध्यायच नसतो.

एवढे सगळे जमले तरी गाडी रस्त्यावर आणता येतेच असे नाही. मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ नोंदणी झालेल्या गाडीत मनाजोगते फेरफार करू देत नाही. नव्या घडणीच्या गाडीचा नमुना पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. पेणच्या आरटीओत जाऊन ‘घरी केली आहे’ असे सांगून एमएच ०६ चा नंबर मिळत नाही. म्हणून अशा गाड्यांचे आयुष्य बहुधा वाडीच्या कुंपणाआत, नारळी-सुपारींच्या ओळींमधून जाते. तिथे इंडिकेटर दाखवायचा तो माडांना.

तरीही इंडिकेटरचा नियम माहीत असावा. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १०२ व्या नियमानुसार तो पिवळ्या रंगाचा हवा आणि मिनिटाला ६० पेक्षा कमी नाही, १२० पेक्षा जास्त नाही, इतक्या वेळा लुकलुकायला हवा. पूर्वी हे काम हातानेच होई. मॉरिस मायनरसारख्या जुन्या इंग्रजी गाड्यांत ते यांत्रिक हाताकडे आले. दारामागच्या खांबातून पिवळा हात बाहेर यायचा आणि वळण संपल्यावर आत जायला विसरला तर आतून खांबावर थाप मारायची. अमेरिकेत १९३९ च्या ब्यूकने लुकलुकणारे दिवे आणले आणि हळूहळू सगळीकडेच थाप मारण्याची गरज संपली.

त्या दिव्यांचा अर्थ काय घ्यायचा, हे मात्र नियमांनी रस्त्यावर सोडलेले दिसते. अलिबाग–रेवदंडा रस्त्यावर पुढच्या ट्रकचा उजवा इंडिकेटर लागला तर ट्रक उजवीकडे वळणार असतो, किंवा ‘या, पुढे जा’ असे सांगत असतो, किंवा चौलच्या वळणावर लावलेला इंडिकेटर बंद करायचा राहून गेलेला असतो. तिन्ही शक्यतांत मागच्याने काय करायचे याची उत्तरे वेगवेगळी आहेत, आणि ठरवायला वेळ सारखाच मिळतो. घोडागाडीला इंडिकेटर नाही, पण घोडा वळण्याआधी मान वळवतो. त्यामुळे या रस्त्यावरचा सर्वांत विश्वासार्ह संकेत तोच ठरतो. शनिवारी मुंबई-पुण्याहून येणाऱ्या नव्या गाड्यांचे इंडिकेटर मात्र अचूक आणि झळझळीत असतात, आणि दिलेल्या दिशेलाच त्या वळतात. स्थानिक चालकांचा यामुळे काही काळ गोंधळ होतो.

इंडिकेटर बंद पडलाच तर हाताने खुणा करण्याची पद्धत १९८९ च्या रस्त्याच्या नियमांत सविस्तर दिली होती. उजवीकडे वळताना उजवा हात तळवा समोर करून आडवा धरायचा. डावीकडे वळतानाही उजवाच हात बाहेर काढायचा आणि तो घड्याळाच्या उलट दिशेने फिरवायचा. रायगडातल्या मिनिडोर या तीनचाकी प्रवासी गाडीत ही कसरत सहसा कुणी करीत नाही. चालकाच्या डाव्या बाजूला, सीटच्या अगदी कडेवर, एक प्रवासी टेकलेला असतो. वळण आले की न सांगता तो आपला डावा हात बाहेर धरतो. नियमांत त्या हाताचा उल्लेख नाही, आणि परमिटमध्ये त्या प्रवाशाचा.